पाणी कुठवर होतं

गाडी माझी होती. इंजिन मीच धुऊन घेतलं होतं. खर्च त्याने भरला आणि नोकरीही त्याचीच गेली.

इतकं सरळ लिहायला मला फार वेळ लागला. मी मुळात कमी बोलणारा माणूस. कंपनीत म्हणतात, साहेब बोलत नाहीत, पण बोलले की मोजकं बोलतात. त्या मोजक्या बोलण्याचा मी काय उपयोग केला, ते सांगतो.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात आहे. राहायला पिंपळे सौदागरला. रोज सकाळी आम्ही चौघं एका गाडीतून जायचो. गाडी माझी, सेकंडहँड घेतलेली डिझेल, आणि डिझेलचा खर्च चौघांत. मेंटेनन्सवाला माझ्या शेजारी बसायचा. तो मूळचा बीडकडचा, गाडीत बसल्याबसल्या झोपणारा. मागे डिस्पॅचवाला, मावळातल्या जुन्या गावकी घरातला, तोंडाचा पट्टा अखंड चालू. आणि त्याच्या शेजारी, डाव्या खिडकीशी, आमचा स्टोअरवाला. ज्याच्याबद्दल हे लिहितोय तो.

तो काळेवाडीत राहायचा. सीटवाल्या रिक्षाने नाशिक फाट्याला यायचा आणि पूल उतरल्यावर डाव्या हाताला उभा असायचा. आम्ही कधी उशिरा पोचलो, पण तो कधी नाही. त्याच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी दुचाकी कायमची बंद केली होती आणि गर्दीच्या बसमध्ये उभं राहिलं की संध्याकाळपर्यंत पाय बधिर व्हायचा. कंपनीची बस होती, पण ती पर्मनंट लोकांसाठी. तो कंत्राटी. तेव्हा ती मागची डावी जागा म्हणजे त्याची नोकरी होती. हे त्याला माहीत होतं तसं आम्हा तिघांनाही माहीत होतं. म्हणूनच तो डिस्पॅचवाल्याच्या सगळ्या टिंगलीवर हसायचा.

आता इंजिनचं सांगतो.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी मशिनं पुसून त्यांची पूजा होते. प्रेसला झेंडूचं तोरण, लेथला हळदकुंकू. मग पार्किंगमधल्या गाड्या. बॉनेट उघडून आत इंजिनला हळदकुंकू लावायचं, ही आमच्याच शॉपने पाडलेली पद्धत. बॉनेट उघडलं की दहा डोकी आत वाकतात. आदल्या वर्षी माझ्या गाडीत वाकून डिस्पॅचवाला सगळ्यांसमोर म्हणाला होता, "साहेब, ह्ये इंजिन हाय का चुलीमागची भिंत?" लोक हसले. मीही हसलो. पण ते मला लागलं होतं. दिवसभर दुसऱ्याच्या कामावरचे डाग शोधणारा माणूस मी.

म्हणून त्या वर्षी आदल्या संध्याकाळी मी गाडी वॉशिंग सेंटरला नेली. भिंतीवर रंगाने लिहिलं होतं, इंजिन वॉश ग्राहकाच्या जबाबदारीवर. पाइप हातात घेतलेल्या माणसाने विचारलं, "प्रेशर मारू ना? नंतर कंप्लेंट नको." मी म्हणालो, "मार बिनधास्त." बायको बाजूच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, आम्हाला पुढे फुलं घ्यायला जायचं होतं. इंजिन असं चमकलं की त्याचा फोटो काढावा. दुसऱ्या दिवशी डिस्पॅचवाल्याला बोलायला काही मिळालं नाही. स्टोअरवाला मात्र कौतुकाने म्हणाला, "साहेब, शोरूमची वाटते."

दसरा उलटून बरेच दिवस झाले. परतीचा पाऊस चालू होता. एका शुक्रवारी उतरताना तो मागे रेंगाळला.

"साहेब, रविवारी गाडी मिळेल का? पोरीची परीक्षा आहे, सेंटर देहूरोडला आलंय. पावसाचं रिक्षावाले हो म्हणतात आणि ऐन वेळी येत नाहीत. डिझेल टाकून देतो."

"घे की. त्यात विचारायचं काय?"

असं म्हणताना मला मोठं वाटलं होतं.

रविवारी दुपारी त्याने गाडी परत आणली. टाकी भरलेली. पायाखालचे मॅट झटकलेले. किल्ली हातात देताना म्हणाला, "एक सांगून ठेवतो साहेब. रेल्वेच्या पुलाखाली थोडं पाणी होतं. चाकाच्या निम्म्यालाही नव्हतं. पुढच्या दुचाक्या आरामात जात होत्या, म्हणून घातली. पण सांगून ठेवतो."

"अरे, चालतं," मी म्हणालो.

त्याचं हे सांगणं लक्षात ठेवा. त्याने स्वतःहून सांगितलं होतं, न विचारता.

सोमवारी सकाळी आम्ही चौघं निघालो. मोशी ओलांडून नदीच्या पुढचा चढ लागला आणि गाडीचा दम गेला. पाय दाबतोय तरी आवाज नाही, वेग नाही. समोर पिवळा दिवा पेटला आणि इंग्रजीत अक्षरं आली, इंजिनची पॉवर कमी केली आहे. बैलगाडीसारखी गाडी चालायला लागली. मागून कंटेनरवाले हॉर्न मारून मारून कान फोडत होते. मेंटेनन्सवाला जागा झाला. "कडेला घ्या, कडेला घ्या," म्हणाला. मी घेतली. बंद करून पुन्हा चालू केली तर दिवा गेला, थोडं अंतर पळाली आणि पुन्हा तेच.

"काल कोण चालवत व्हतं?" डिस्पॅचवाल्याने मान वळवून शेजारच्या स्टोअरवाल्याकडे बघितलं. "आरं भाऊ, पाण्यात पवायला नेली का काय गाडी?"

"पाणी होतं थोडं. साहेबांना सांगितलंय मी," तो म्हणाला.

मी पुन्हा किल्ली फिरवली. मला खरंच काही माहीत नव्हतं तेव्हा. ही माझी शेवटची निरपराध सकाळ.

संध्याकाळी गाडी रखडत वर्कशॉपला नेली. तिथल्या ॲडव्हायझरने लॅपटॉप जोडला, मग बॉनेट उघडून एक प्लग काढला आणि मोबाइलचा उजेड आत धरला. पिनांवर हिरवा थर चढला होता. जुन्या तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा.

"पाणी गेलंय," तो म्हणाला. "इंजिनला हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी गेली, वायरिंगचा हा तुकडाही बदलावा लागेल. सिग्नल नीट मिळत नाही म्हणून गाडी स्वतःच पॉवर कमी करते."

"काल आमच्या एकाने पाण्यातून नेली होती."

"कालचं नाही हे. हिरवं चढायला दिवस जातात. मध्यंतरी इंजिन प्रेशरने धुतलं होतं का?"

"नाही," मी म्हणालो.

विचार करून नाही म्हणालो असंही नाही. ते आपोआप आलं. त्याला त्याचं काही नव्हतं, त्याने खर्चाचा अंदाज सांगितला. चाळीस हजाराच्या आसपास.  मुलाच्या कॉलेजची फी नुकतीच भरली होती. दिवाळी तोंडावर. घरी येताना रिक्षात बसल्याबसल्या मी तो रविवार पुन्हा पुन्हा आठवत होतो. पुलाखालचं पाणी, जे मी पाहिलंही नव्हतं, ते माझ्या डोळ्यांपुढे हळूहळू वर चढायला लागलं.

बायकोला आकडा सांगितला, स्टोअरवाल्याने पाण्यातून गाडी नेल्याचंही सांगितलं. ती भाजी निवडत होती. "पण इंजिन तर तुम्हीच धुतलं ना दसऱ्याला?" ती म्हणाली.

"त्याचा काही संबंध नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा भाजीकडे. थोड्या वेळाने म्हणाली, "मग त्यांच्याकडून घ्या. आपण एकट्याने का भरायचे?"

इतकं सोपं असतं ते. एका घरात दोन माणसांना खरं माहीत असतं आणि तेवढ्यात आमटीला फोडणीही बसते.

आमच्या कंपनीत ग्राहकाची तक्रार आली की आम्ही व्हाय-व्हाय करतो. म्हणजे बिघाड झाला, का? त्याचं उत्तर आलं की पुन्हा, का? असं पाच वेळा विचारत मुळाशी जायचं. हे काम माझं. इतकी वर्षं करून मला एक कळलं आहे, जे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. मुळाशी काय सापडणार हे प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात असतं. एकेका उत्तराला दोन-दोन वाटा फुटतात. तुम्ही ज्या वाटेवर पुढचा 'का' ठेवाल तिकडे सगळे जातात. दुसरी वाट होती हे कुणाच्या लक्षातही राहत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही गेटबाहेरच्या टपरीवर चहाला गेलो. चौघंही. डिस्पॅचवालाच म्हणाला, "साहेब, व्हाय-व्हाय करा की. बगू काय निगतंय." गंमतच होती ती. मी ती गंमत राहू दिली नाही.

"पॉवर का कमी झाली?" मी विचारलं.

"थ्रॉटल बॉडी गेली," मेंटेनन्सवाला.

"का गेली?"

"पाणी शिरलं म्हणता ना तुम्ही."

"वर्कशॉपवाल्याने दाखवलं मला. पाण्यानेच," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. "पाणी का शिरलं?"

वाट इथे फुटत होती. मेंटेनन्सवाल्याने कपाळ आक्रसलं. "तसं एका दिवसात सहसा..." तो म्हणायला लागला. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याची बढतीची मुलाखत त्या महिन्यात होती आणि पॅनेलवर मी होतो. त्याने चहाचा घोट घेतला.

"पाणी का शिरलं?" मी पुन्हा विचारलं, या वेळी स्टोअरवाल्याकडे बघत.

"पुलाखालून नेली मी. पण साहेब, पाणी कमी होतं."

"कुठवर होतं?"

"चाकाच्या निम्म्याच्या खाली."

"मोजलं होतंस?"

"मोजलं नाही, पण दिसतं की."

"चाकाच्या निम्म्याला व्हतं का तुज्या निम्म्याला?" डिस्पॅचवाला ओरडला. टपरीवरचे दुसरे लोकही हसले. "पोरगी पोहत गेली का परीक्षेला?"

तो हसला. सवयीने. मग त्याचं हसू थांबलं, कारण मी हसलो नव्हतो.

"निम्म्याखालचं पाणी बॉनेटमध्ये वरती जात नाही," मी म्हणालो. "शिरलंय हे तर दिसतंय. म्हणजे तू सांगतोस त्यापेक्षा जास्त होतं. मग कमी का सांगितलंस?"

हा पाचवा 'का'. गाडीचा नव्हता तो. माणसाचा होता.

त्याने कप बाकावर ठेवला. मग अगदी हळू म्हणाला, "मी खोटं नाही बोललो साहेब. खर्च मी देतो. माझ्या हातात होती, तर माझी जबाबदारी. पण खोटं बोललो नाही एवढं म्हणा."

एवढं म्हणा. त्याला गाडीतली जागा टिकवायची होती, आणि ती पैसे भरून टिकणार नाही हे त्याला आमच्याआधी कळलं होतं.

मी म्हणालो, "विषय पैशाचा नाही रे. विश्वासाचा आहे."

आयुष्यात मी याहून नीच वाक्य बोललेलो नाही. आणि ते मी किती शांतपणे बोललो! टपरीवाला शेजारी दुसरं आधण ठेवत होता.

"लाल बिन," डिस्पॅचवाला म्हणाला. आमच्याकडे नापास झालेला माल लाल डब्यात टाकतात, चांगल्या मालात मिसळू नये म्हणून. "भाऊ, तुमचा पीस गेला लाल बिनमदी."

एक गोष्ट आणखी आहे, ती टपरीवर कुणी बोललं नाही. आम्हा तिघांची आडनावं एका बाजूची आणि त्याचं दुसऱ्या बाजूचं. खंडेनवमीला तो पूजेच्या वेळी मागे उभा राहायचा आणि दुसऱ्या दिवशी पांढरे कपडे घालून विहारात जायचा. आम्ही त्याच्या डब्यातलं खायचो, कुणी कधी काही पाळलं नाही, आणि याचा आम्हाला अभिमान होता. पण तो माझ्या भावकीतला असता, तर तो खोटं बोलला यावर इतक्या झटपट चौघांचं एकमत झालं असतं का? चौघांचं म्हणतोय, कारण शेवटी त्यानेही मान खाली घातली.

पैसे त्याने दोन वेळात दिले. कुठून आणले, मी विचारलं नाही. पाकीट घेताना "घाई नव्हती रे" असं मात्र म्हणालो.

गाडी नीट झाली. पुढच्या सोमवारी मी पूल उतरून डावीकडे थांबलो, तो मागचं दार उघडायला आला, आणि आत त्याच्या जागी प्लेटिंगमधला एक नवा इंजिनिअर बसला होता. मीच त्याला आदल्या दिवशी फोन करून बोलावलं होतं. स्टोअरवाल्याला सांगितलं नव्हतं. सांगायला तोंड उघडावं लागलं असतं.

"अरे, तुला कळवायचं राहिलं," मी काचेतून म्हणालो.

त्याने दाराच्या हँडलवरचा हात काढला. "बरोबर आहे साहेब," म्हणाला. "मी बघतो माझं."

त्याने बघितलं. फाट्यावरून बस, भोसरीला दुसरी, मग चाकणच्या चौकातून सहासीटर. कधी उभ्याने, कधी टपावरच्या सामानासारखा कोंबून. गेटवर उशिराचे शिक्के पडायला लागले. दुपारनंतर तो स्टोअरमध्ये रॅकला धरून चालायचा. मी काचेतून बघायचो आणि माझ्या कामाला लागायचो.

मग एक दिवस त्यांचा कंत्राटदार माझ्या टेबलाशी आला. डिस्पॅचवाल्याच्या गावचा, त्याच्या जवळचा. "साहेब, स्टोअरचा माणूस कसा आहे? उशिराचं सोडा, कमरेचं माहितीये मला. पण मी ऐकलं की नुकसान करून लपवतो. स्टोअरमध्ये लाखोंचा माल. तुम्ही ओळखता, तुम्ही सांगा."

त्या क्षणी एक वाक्य पुरेसं होतं. मी म्हणालो, "काम चांगलं आहे."

"पण?"

'पण' मी म्हणालो नव्हतो. ते त्याने विचारलं. मी खिडकीबाहेर बघितलं आणि खांदे उडवले.

महिनाअखेरीला त्याचा गेटपास परत घेतला.

हे इथेच संपलं असतं. संपलं होतंच. पुढची खंडेनवमी आली, गेली, मी इंजिन नुसतं फडक्याने पुसलं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात बायकोच्या मावशीकडून येताना देहूरोडच्या जवळ तोच दिवा पुन्हा लागला. तीच अक्षरं. गाडी कडेला घेतली. बाहेर ऊन रणरणत होतं, पावसाचा थेंब नव्हता, गाडी माझ्याशिवाय कुणी चालवली नव्हती. बायको शेजारी बसली होती. ती म्हणाली,

"आता कुणाच्या नावावर टाकणार?"

तिने मान वळवली नाही. समोर बघत म्हणाली. तेव्हा मला कळलं की इतके दिवस ती विसरली नव्हती, ती वाट बघत होती. कशाची, मी सांगावं याची का मी सापडावं याची, ते तिलाच माहीत.

या वेळी बिघाड किरकोळ निघाला, दुरुस्तीही खिशाला झेपणारी. पण त्या रविवारी मी काळेवाडीत त्याच्या घरी गेलो.

दोन खोल्या, खाली गिरणी. भिंतीवर बुद्धाची तसबीर. तो एका सोसायटीत रात्रपाळीला वॉचमन होता, नुकताच झोपून उठला होता. मला बघून त्याची धांदल उडाली. खुर्ची पुसली. बायकोला चहा टाकायला सांगितला. "साहेब, गाडी बरी आहे ना?" पहिला प्रश्न हा.

मी सांगितलं. इंजिन धुतल्याचं, हिरव्या थराचं, वर्कशॉपवाला काय म्हणाला ते. सगळं. खाली गिरणी चालू होती, एकदोनदा मला आवाज चढवून बोलावं लागलं. कबुलीजबाब ओरडून द्यावा लागणं यासारखी शिक्षा नाही, आणि तरी ती कमीच.

 चहा आला, त्याच्या बायकोने कप ठेवला आणि ती दारातच उभी राहिली.

"म्हणजे पाणी निम्म्याखालीच होतं?" त्याने विचारलं.

"हो. तू म्हणालास तेवढंच असणार."

"मला वाटायला लागलं होतं साहेब, की वर होतं. तुम्ही सगळे हुशार माणसं. पाऊस पडला की मी तिकडे जाऊन उभा राहायचो. पुलाखाली. कुठवर चढतं बघायला." तो थांबला. "पोरगी म्हणायची, पप्पा, कमीच होतं, मी होते ना गाडीत. मी तिच्यावर ओरडायचो. तुला काय कळतं म्हणायचो."

मी खिशातलं पाकीट काढून टेबलावर ठेवलं, आत त्याचे होते तेवढे पैसे. त्याच्या बायकोने ते उचललं आणि मोजल्याशिवाय फळीवर ठेवलं. 

"पैसे ठीक आहे," तो म्हणाला. "पण एक काम करा. त्या दोघांना सांगा. माझ्यासमोर. कंत्राटदाराकडे स्टोअरला माणूस पाहिजे आहे परत, मी विचारून आलो मागच्या आठवड्यात. तो म्हणाला, डिस्पॅचवाल्याने शब्द टाकला तर घेतो, नाहीतर तुझं नाव खराब आहे. तुम्ही मागे एकटे सांगाल आणि ते विसरतील. मला समोर ऐकायचंय."

"सांगतो."

"उद्या येऊ फाट्यावर? नेहमीच्या वेळेला?"

"ये," मी म्हणालो. "नक्की." तो प्लेटिंगवाला त्या आठवड्यात रजेवर होता, म्हणजे जागाही होती.

निघताना त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. त्याच्या बायकोने मात्र आत तोंड फिरवलं.

सोमवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. मी रात्री वाक्यं ठरवली होती. गाडीत बसताच सांगायचं नाही, तो बसल्यावर सांगायचं. पुलावर चढलो. डिस्पॅचवाला नेहमीप्रमाणे कुणाची तरी नक्कल करत होता, मेंटेनन्सवाला डोळे मिटून हसत होता. बढती झाल्यापासून तो मला सर म्हणायला लागला होता. मी आरशात डिस्पॅचवाल्याचं तोंड बघितलं आणि त्या तोंडातून संध्याकाळपर्यंत कंपनीभर काय पसरेल ते मला ऐकू आलं. क्वालिटीवाल्या साहेबांनी स्वतःची चूक कुणाच्या गळ्यात मारली. कॅंटीन. शॉप. पॅनेल. माझी निवृत्ती फार लांब राहिलेली नाही.

पूल उतरताना तो दिसला. फिकट निळा शर्ट, कडक इस्त्री. खांद्याला पिशवी. पिशवीत डबा होता, त्याचा आकार दिसत होता. त्याला वाटलं होतं, आजच कामावर घेतील.

त्याने हात वर केला.

मी गाडी उजव्या लेनला घेतली.

"अरे, तो बगा, आपला स्टोअरवाला," डिस्पॅचवाला म्हणाला. "हात करतोय. साहेब, थांबा की."

"मागे कंटेनर आहे. इथे थांबता येत नाही."

मेंटेनन्सवाल्याने मागच्या काचेतून पाहिलं. मागे कंटेनर नव्हता. त्याने मान पुढे वळवली आणि पुन्हा डोळे मिटले. त्याला आता सवय झाली होती.

माझा फोन वाजायला लागला. डॅशबोर्डवरच होता, नाव तिघांनाही दिसत होतं. वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. मी तो उचलून उलटा ठेवला.

"कशाला फोन करतोय सकाळी सकाळी?" डिस्पॅचवाल्याने विचारलं.

"पैसे मागायला असेल," मी म्हणालो.

"व्हय व्हय. बरं केलंत, थांबला न्हाई ते," तो म्हणाला आणि राहिलेली नक्कल पुढे चालू केली.